गरिबांच्या सवलतीच्या जळणाचा कस

गेल्या मार्गशीर्षात आमच्या रानात कांद्याच्या खुरपणीस येणाऱ्या एका शेतमजूर बाईने दुपारच्या भाकरीच्या वेळी आम्हास विचारले, "भाऊसाहेब, सरकारची टाकी मागल्या खेपेला सव्वा महिना गेली, ह्या खेपेला पंचवीस दिवसांत आटोपली. गॅसमध्ये पाणी मिसळतात काय हो?" आम्ही तिला तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितले, परंतु हे उत्तर अपुरे आहे हे आमचे आम्हासच उमगले. सवलतीच्या जळणात खोट कोठे व कशी शिरते हा विषय आम्ही कचेरीत बसून पुष्कळ वर्षे पाहिलेला आहे. त्यातील जे शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल ते येथे लिहितो.

आरंभ एका बाटलीपासून करतो. आम्ही महसूल खात्यात कारकून असता काही वर्षे पुरवठ्याचे टेबल आमच्याकडे होते. एके सकाळी एक वृद्ध बाई पदराखाली झाकलेली बाटली घेऊन आली व टेबलावर ठेवून म्हणाली, "हे रॉकेल चिमणीत घातलं की तडतडतं आणि विझतं. नातू दहावीला आहे." बाटली उजेडात धरली तेव्हा वर निळसर तेल व तळाशी दोन बोटे स्वच्छ पाणी दिसले. रॉकेल पाण्याहून हलके, एक लिटर भरले तर सुमारे 800 ग्रॅम, सबब पाणी खाली बसते व वात पहिल्याने तेच ओढते. त्यात शास्त्र काही अवघड नव्हते. अवघड होते ते पुढचे. रीतसर तक्रार लिहून घ्यावयाची, दुकानावर जाऊन पंचांसमक्ष नमुना घ्यावयाचा, बाटल्यांवर लाखेची मोहर करावयाची, त्या प्रयोगशाळेकडे रवाना करावयाच्या आणि अहवालाची वाट पाहावयाची. आमच्या वरिष्ठांनी बाटलीकडे एकवार पाहिले आणि "दुकानदाराला समज द्या" एवढाच शेरा मारला. दुकानदाराने बाईस दुसरे दोन लिटर दिले. कागद निकाली निघाला. ती बाटली मात्र कित्येक महिने आमच्या कपाटावर तशीच उभी होती, आणि निकाली निघालेल्या त्या कागदावर सही आमचीही होती.

माणदेशात जळणाचा प्रश्न किती नाजूक आहे हे येथील वाचकांस निराळे सांगावयास नको. पावसाचे मान जेमतेम, डोंगर उघडे, माणगंगा वर्षातील बहुतेक महिने वाळूची. जळण म्हणजे तुराट्या, ज्वारीची धसकटे, वेडी बाभूळ आणि शेणी. घरात रॉकेल येई ते मुख्यतः दिव्याकरिता आणि ओल्या काटक्या पेटविण्याकरिता. दहिवडी-म्हसवडसारख्या बाजारगावी खोली घेऊन राहणाऱ्यांचा मात्र स्वयंपाकही वातीच्या किंवा पंपाच्या स्टोव्हवर होई. रॉकेल तडतडले, धुरकटले किंवा महिन्याच्या मध्येच संपले की बाई काही चूल विझवून बसत नाही. ती शेणी जाळते आणि काळोख पडल्यावर कोणाच्या तरी बांधावरची बाभूळ तोडते. जे शेण उकिरड्यात पडून रानाला मिळावयाचे ते चुलीत जाते. सबब मजुराच्या घरातील जळणाचा कस हा जमीनधारकाने उपकारबुद्धीने पाहावयाचा विषय नव्हे. त्याची तूट शेवटी त्याच्याच बांधावर येऊन पडते.

आता कस म्हणजे काय ते पाहू. रॉकेलासाठी भारतीय मानक 1459 या क्रमांकाचे आहे. त्यातील तीन-चार अटी सामान्य माणसानेही समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली धूरबिंदूची. ठराविक दिव्यात ज्योत हळूहळू उंचवीत जावे. जेथे ती धूर सोडू लागते ती उंची मोजावी. ही उंची 18 मिलिमीटरच्या खाली असता कामा नये. चिमणीच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या मुलाच्या नाकपुड्या सकाळी काळ्या होत, त्याचे एक कारण ह्या अटीत आहे, दुसरे अर्थात चिमणीला काच नसण्यात. दुसरी अट अशी की, एक किलो तेल जळून गेल्यावर वातीवर 20 मिलिग्रॅमहून अधिक कोळसा राहू नये. तेलात डिझेलसारखा जड अंश आला की वात दगडासारखी होते, आणि घरातील माणसे वातीला नावे ठेवून नवीन वात आणतात. तिसरी गंधकाची, शेकडा 0.25 पर्यंत चालते, त्याहून अधिक असल्यास डोळे चुरचुरतात.

चौथी अट भडकण्याच्या अंशाची आहे आणि ती जिवाशी गाठ घालणारी आहे. तेलाची वाफ ठिणगीने पेट घेईल इतके तेल तापण्याचे मान 35 अंश सेल्सियसच्या खाली असू नये, असे मानक सांगते. चैत्र-वैशाखात आपल्याकडे सावलीतच पारा 40 च्या आसपास जातो. म्हणजे चांगल्यातले चांगले रॉकेलदेखील त्या दिवसांत बंद डब्यात ह्या मर्यादेजवळ असते. अशा वेळी त्यात पेट्रोल किंवा तत्सम हलका द्रव थोडासा जरी आला तरी मर्यादा एकदम घसरते, आणि पंपाचा स्टोव्ह भडकून बाई भाजली अशी बातमी येते. अशा बातम्यांत दर वेळी तेलाचाच दोष असतो असे नव्हे. काहींच्या मागे पिन न केलेला स्टोव्ह असतो, तर काहींच्या मागे त्याहून वाईट गोष्टी असतात. परंतु पंचनाम्यात स्टोव्हचे वर्णन येई, भांड्यांचे येई, साडीचा रंग येई. उरलेल्या तेलाचा नमुना घेतल्याचे आम्ही क्वचितच वाचले.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. रॉकेलात भेसळ होते असे लोक म्हणत, परंतु मोठी भेसळ ही रॉकेलात नव्हे, तर रॉकेलाची होती. दुकानचे तेल निळे करण्याची पद्धत ह्याचसाठी पडली. 1993 च्या केंद्रीय आदेशाने ह्या तेलाचा उपयोग स्वयंपाक व उजेड एवढ्यापुरता बांधून दिला, आणि खुल्या भावाचे पांढरे रॉकेल निराळे विकण्यास मोकळीक दिली. आता भाव पाहा. 2011 च्या आरंभी दिल्लीत दुकानचे रॉकेल लिटरला 12 रुपयांच्या घरात होते आणि डिझेल 37 रुपयांच्या पुढे. लिटरमागे 25 रुपयांचे अंतर धरले तर 12,000 लिटरच्या एका टँकरमागे 3 लाख रुपये होतात. एवढी रक्कम एका रात्रीत मिळत असता निळा रंग काढून टाकण्याची युक्ती माणूस शोधणार नाही तर काय करील?

बरे, डिझेलात मिसळलेले रॉकेल सहज पकडावे तर तेही नाही. डिझेलाचे घनत्व 0.83 च्या आसपास, रॉकेलाचे 0.80 च्या आसपास. शंभर लिटरांत पंधरा लिटर रॉकेल घातले तर घनत्वात फरक पडतो तो साडेचार सहस्रांशांचा. सकाळचे डिझेल आणि दुपारचे डिझेल यांच्यात सहा-सात अंश उष्णतेचा फरक असला तर तेवढाच फरक विनाभेसळही पडतो. सबब तपासनीसाने नळीत तरंगकाटा सोडला, पण उष्णतामापक पाहून हिशेब केला नाही, तर त्याने तपासले आणि न तपासले सारखेच. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेच्या 2005 च्या अहवालात दुकानच्या रॉकेलापैकी शेकडा 38 च्या आसपास भाग भलतीकडे जातो असे म्हटले होते. पुढे 2006 च्या ऑक्टोबरात तेलात डोळ्यांस न दिसणारे एक खूणद्रव्य मिसळण्यास आरंभ झाला. भेसळ केलेल्या डिझेलात ते द्रव्य उघडे पडेल अशी योजना होती. ती दोन-अडीच वर्षांच्या आतच आटोपली.

ह्या अंतराची किंमत माणसांनी जिवाने दिली आहे. इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांनी उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळीच्या कारणाने एका पंपावर कारवाई केली होती. 19 नोव्हेंबर 2005 रोजी त्यांस गोळ्या घालून मारण्यात आले. आणि 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे मनमाडजवळ पानेवाडीच्या बाजूस तेलाची चोरटी काढणी पाहून थांबले असता भर दिवसा त्यांस जाळण्यात आले. ती वार्ता कचेरीत आली तेव्हा आम्ही सारे कारकून उभेच राहिलो. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन झाले ते मान खाली घालून, आणि त्यानंतर राज्यभर कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. मग धाडी पडल्या, टँकर धरले गेले, वर्तमानपत्रांची पाने भरली. आम्हास मात्र त्या दिवशी कपाटावरची बाटली आठवली. ती फार लहान गोष्ट होती. पण ज्या अंतरावर ते टँकर चालत होते त्याच अंतरावर तीही उभी होती.

आणि आमच्या घरचेच सांगतो, म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखविल्याचा दोष येणार नाही. आमच्या वडिलोपार्जित विहिरीवर 5 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. एका उन्हाळ्यात आम्ही रजेवर गावी गेलो असता इंजिनाच्या टाकीचे झाकण उघडून पाहिले तो आत निळी झाक. थोरल्या बंधूंस विचारले. ते शांतपणे म्हणाले, "निम्मे डिझेल, निम्मे दुकानचे. सारे गाव असेच करते. ऊस वाळवू काय?" आम्ही पुरवठ्याचे कारकून; आमच्याच उसाला दुसऱ्याच्या चिमणीचे तेल मिळत होते. आम्ही त्यांस कायदा सांगितला, ते हसले. त्या उन्हाळ्यात ते तसेच चालले आणि आम्ही रजा संपताच परत गेलो. पुढे दोन वर्षांत इंजिनाचा तेलपंप झिजला व फवारा गेला, कारण डिझेलात जो स्निग्धपणा असतो तो रॉकेलात पुरेसा नाही आणि त्या पंपास दुसरे वंगण नसते. दुरुस्तीचा खर्च वाचविलेल्या पैशांस पुरून उरला. बंधूंनी त्यानंतर ते बंद केले ते कायद्याने नव्हे, मिस्त्रीच्या बिलाने. आमच्या सभासदांपैकी किती जणांच्या इंजिनाचा इतिहास असाच आहे हे त्यांचे त्यांस ठाऊक. दुकानदार चोर म्हणून आपण सारे म्हणत होतो. परंतु त्याच्या मागल्या दाराशी कॅन घेऊन उभे कोण होते?

मापाविषयी थोडे. दुकानात बॅरल येई ते 200 लिटरांचे, आणि दुकानदाराच्या साठा रजिस्टरात महिनाअखेर "उन्हाने घट" अशी नोंद ठरलेली असे. आम्ही आरंभी ती मुकाट मान्य करीत असू. पुढे एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने आम्हास समजाविले की, तेल उन्हाने फुगते. उष्णता एक अंशाने वाढली की दर हजारी सुमारे एक भाग. पहाटे 24 अंशांवर भरलेले बॅरल दुपारी 39 अंशांवर गेले तर त्यातील तेल मापाने सुमारे पावणेतीन लिटर अधिक भरते. थोडी वाफ जाते हे खरे, परंतु बूच घट्ट असल्यास ती नगण्य. म्हणजे दुपारी वाटप करणाऱ्याच्या हाती वाढ यावयाची, आणि रजिस्टरात घट! ह्या एका नोंदीवरून आम्ही नंतर बऱ्याच दप्तरांना प्रश्न विचारले. उत्तरे लेखी आली, सर्व एकाच हस्ताक्षरात.

असो. 2016 च्या जुलैपासून दुकानच्या रॉकेलाचा भाव थोडाथोडा वाढवीत नेण्यात आला आणि 2020 च्या मार्चपासून केंद्राची लिटरमागील सवलत शून्यावर आली. भावातील अंतर मिटले तशी त्या तेलाची चोरीही मिटली. पुष्कळ धाडींनी जे झाले नाही ते ह्याने झाले. त्याआधीच, 1 मे 2016 रोजी, उज्ज्वला योजना सुरू झाली होती आणि गरीब घरांत स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आली. 2023 च्या ऑक्टोबरपासून उज्ज्वलेच्या टाकीमागे 300 रुपये बँक खात्यात जमा होऊ लागले. 2024 साली राज्य सरकारने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्यांचे पैसे देण्याचे जाहीर केले. बाईस टाकी बाजारभावाने घ्यावी लागते व सवलत मागाहून खात्यात येते, ही युक्ती चांगली आहे, कारण दुकानाच्या दारात वस्तूचे दोन भाव राहत नाहीत. तथापि अंतर संपूर्ण मिटलेले नाही. घरगुती टाकी 14.2 किलोची व हॉटेलवाल्यांची 19 किलोची. दोहोंवरील कर निराळा, किलोमागचा भाव निराळा. जेथे एकाच मालाचे दोन भाव तेथे मधली वाट काढणारा निपजतोच. रॉकेलाचा इतिहास ज्याने पाहिला त्यास हे नवीन नाही.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. गॅसमध्ये पाणी मिसळून वजन भरता येईल, पण ते पाणी टाकीच्या तळाशी राहील व टाकी रिकामी झाल्यावर हलविताच डुचमळेल. तशी तिची टाकी डुचमळत नव्हती. थंडीत ज्योत मंदावते, त्याचे कारण भेसळ हेच असते असे नाही. ह्या गॅसात प्रोपेन व ब्यूटेन असे दोन मुख्य भाग असतात. प्रोपेन उणे 42 अंशांवर उकळतो, ब्यूटेन शून्य अंशाच्या जरासा खाली. पहाटे 10-12 अंशांच्या गारठ्यात, त्यातून गॅस निघत असता टाकी आणखी गार होत असल्यामुळे, ब्यूटेनची वाफ मंद होते. टाकी संपत आल्यावर हे अधिक जाणवते. तेव्हा काही घरांत टाकी आडवी पाडतात किंवा उलटी करतात. तसे कदापि करू नये. वाफेऐवजी द्रव नळीत येतो आणि शेगडीशी आगीचा लोळ उठतो. टाकी भिंतीच्या सांदीतून काढून मोकळ्यावर उभी ठेवली की पुरे. ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली तर प्रथम शेगडीची छिद्रे साफ करावी. दहा घरांत नऊ ठिकाणी दोष तेथेच सापडेल. सडक्या वासाबद्दलही तक्रार येते, परंतु तो वास गळती कळावी म्हणून कारखान्यातच मुद्दाम घातलेला असतो. तो येतो हे चांगले.

मग खोट कोठे? रॉकेलात ती कसात होती, गॅसात ती वजनात आहे. भरलेल्या टाकीतून वाटेत किलो-अर्धा किलो काढून घेतला तर उरलेला गॅस शुद्धच असतो. दिवस मात्र कमी होतात. 800 ग्रॅम गॅस म्हणजे किती, ह्याचा एकदा हिशेब करू. किलोमागे सुमारे 11,000 किलोकॅलरी उष्णता, पैकी शेगडीवर भांड्यास लागते ती शेकडा 60 धरू; म्हणजे 800 ग्रॅमांत सुमारे 5,300. वाळलेले लाकूड किलोमागे 4,000 देते, परंतु तीन दगडांच्या चुलीवर भांड्यास लागते ती शेकडा 12 धरली तर 480. म्हणजे 800 ग्रॅम गॅसची तूट भरून काढण्यास बाईला 11 किलो वाळलेले सरपण आणावे लागणार. अर्धी मोळी. ती कोणाच्या बांधावरून येते हे वर लिहिलेच आहे.

तपासणी सोपी आहे. प्रत्येक टाकीच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते, बहुधा 15 ते 17 किलोंच्या दरम्यान. त्यात 14.2 मिळवावे व टाकी घरात घेण्यापूर्वी वजन करावे. पोचविणाऱ्याने वजनकाटा जवळ बाळगावा व गिऱ्हाइकाने मागितल्यास समोर वजन करून दाखवावे असा नियम आहे. झाकणाचे सील शाबूत आहे एवढ्यावर विसंबू नये. अडचण अशी की, मजूर बाई टाकी येते त्या वेळी रानात असते. घरी असते म्हातारी किंवा लहान पोर, आणि गाडीवाल्यापाशी काटा मागण्याचा त्यांस धीर नसतो. काटा असतो तो आपल्यापाशी. कांद्याची पिशवी, कापसाचे गाठोडे, कोंबडखताचे पोते आपण त्यावरच तोलतो.

पौषात गाडी आली तेव्हा आम्ही आमचा काटा चिंचेच्या फांदीस बांधून ठेवला होता व त्या बाईस अर्ध्या दिवसाची खाडी न लावता थांबवून घेतले होते. टाकीवर आकडा 15.9. हवे होते 30.1. काट्याने दाखविले 29.3. गाडीवरचा मुलगा म्हणाला, "काका, तुमचा काटा कांद्याचा आहे." आम्ही त्यास सांगितले की, कांदा घेणारा व्यापारी ह्याच काट्यावर आमच्याशी पावशेरासाठी भांडतो, तेव्हा काटा वाईट नाही. मुलाने जास्त वाद घातला नाही. गाडीतून दुसरी टाकी उतरविली. तिच्यावर आकडा 16.2 होता आणि ती 30.4 भरली. पहिली त्याने परत गाडीत टाकली; ती पुढे कोणत्या वाडीवर उतरली हे आम्हास माहीत नाही. आम्ही टाकीचा क्रमांक व दोन्ही वजने एका वहीत लिहून ठेवली आहेत, आणि आता वस्तीवरच्या सात घरांच्या टाक्या त्याच चिंचेखाली तोलल्या जातात.